घरबसल्या आयटी सपोर्टचा कोर्स : फी कुणाला, किती आणि केव्हा द्यावी?

राळेगाव तालुक्यातील एका वाचक भगिनींनी सविस्तर पत्र पाठवले आहे. त्यांचे बी.ए. आणि एमएस-सीआयटी झालेले असून तालुक्याच्या गावी एका सेवा केंद्रात त्यांना महिना ११,००० रुपये मिळतात. घरी ६,००० दिल्यावर आणि एसटी व किरकोळ खर्च वजा जाता ३,५०० रुपये उरतात. पोस्टात ४०,००० रुपयांची ठेव आहे. घरी पाच एकर कोरडवाहू शेती, त्यात कपाशी आणि तूर. एका खासगी संस्थेने त्यांना संगणक दुरुस्ती आणि नेटवर्किंगचा घरबसल्या करण्याचा कोर्स सुचवला आहे. फी ७२,००० रुपये अधिक जीएसटी, बारा महिन्यांचे ‘बिनव्याजी’ हप्ते, आणि एकरकमी भरल्यास ६०,००० अधिक जीएसटी. नोंदणीचे २,००० रुपये त्यांनी भरलेले आहेत. ‘ठेव मोडू, हप्ते घेऊ, की बाबा म्हणतात तसे सोसायटीच्या पीक कर्जातून भरू?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

माझे उत्तर असे की या फीसाठी तिन्हींपैकी काहीही करू नये. मात्र आयटी सपोर्टचा, म्हणजे संगणक व नेटवर्कच्या अडचणी सोडवून देण्याच्या कामाचा, विचार सोडण्याचे कारण नाही.

आधी हप्त्यांचा हिशेब पाहू. ७२,००० वर १८ टक्के जीएसटी धरला की ८४,९६० रुपये होतात आणि महिन्याचा हप्ता ७,०८० रुपये बसतो. आपल्याकडे उरतात ३,५००, त्यामुळे हा पर्याय पहिल्याच महिन्यात कोलमडतो. शिवाय तो बिनव्याजी नाहीच. रोख देणाऱ्याला हाच कोर्स जीएसटीसह ७०,८०० रुपयांना मिळतो, म्हणजे मधले १४,१६० रुपये हे हप्त्यांच्या सोयीचे व्याजच आहे. मुद्दल दर महिन्याला कमी होत जाते हे लक्षात घेतले, तर हा दर वर्षाला सुमारे ३५ टक्के पडतो. एवढ्या दराने कुणी उघडपणे कर्ज देऊ केले असते, तर आपण त्याच्या दारातूनच परत फिरला असता.

आता या पैशांत नेमके काय मिळते? माहितीपत्रकात ‘कॉम्पटिया ए प्लस’ या, आयटी सपोर्टच्या सुरुवातीच्या नोकऱ्यांसाठीच्या प्रमाणपत्राची तयारी असे लिहिले आहे. हे प्रमाणपत्र कोर्स चालवणारी संस्था देत नाही. ते दोन स्वतंत्र परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मिळते, प्रत्येक परीक्षा ९० मिनिटांची आणि जास्तीत जास्त ९० प्रश्नांची असते, आणि प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते. परीक्षेची फी कोर्सच्या फीमध्ये धरलेली आहे का, हे पत्रकात कुठेही लिहिलेले नाही, यावरून ती वेगळी भरावी लागेल असे समजून चालावे. आणखी एक गोष्ट तपासावी. या परीक्षेची जुनी मालिका, २२०-११०१ आणि २२०-११०२, सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाली असून आता १२०१ आणि १२०२ चालू आहेत. घरपोच येणाऱ्या पुस्तकांवर जुने क्रमांक असतील, तर तो माल शिळा आहे.

शिकवणीचा भाग तर जवळजवळ फुकट मिळण्यासारखा आहे. सिस्को नेटवर्किंग अकॅडमीचे प्राथमिक कोर्स आणि ‘पॅकेट ट्रेसर’ हे सरावाचे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये लिनक्सचे (विंडोजसारख्याच, पण मोफत संगणक प्रणालीचे) धडे मराठीतूनही ऐकता येतात. ए प्लसचा संपूर्ण अभ्यासक्रम प्रोफेसर मेसर यांनी यूट्यूबवर मोफत ठेवला आहे. तो इंग्रजीत आहे, पण ही अडचण मी सोयीची मानतो, कारण सपोर्टच्या नोकरीत फोनवरचे इंग्रजी आणि हिंदी हीच खरी परीक्षा असते. रोज तासभर तेच कानावर पडू द्यावे. धडे रात्रीच मोबाइलवर डाउनलोड करून ठेवावेत, म्हणजे दिवसा वीज गेली तरी मोबाइलवर अभ्यास चालू राहील.

खर्च करायचाच असेल तर तो यंत्रावर करावा. नागपुरातून जुना डेस्कटॉप घ्यावा, ८ जीबी रॅम आणि एसएसडी (वेगवान साठवण डिस्क) असलेला, पंधरा हजारांच्या आत बसेल असा. तो उघडावा, जोडावा, विंडोज पुसून पुन्हा टाकावे, बिघडवावा आणि दुरुस्त करावा. आपल्या केंद्रातला प्रिंटर अडतो तेव्हा मालक कुणाला बोलावतात? पुढच्या वेळी तो आपण पाहावा आणि काय बिघडले होते, कसे सुटले, हे वहीत तारखेसह लिहून ठेवावे. जवळपासच्या शाळा, कृषी केंद्रे, जिनिंगची कार्यालये यांनाही असा माणूस लागतोच. मुलाखतीत ती वही दाखवता येईल.

पत्रात ज्याचा उल्लेखच नाही असा एक मोठा खर्च आहे, आणि मला फीपेक्षा त्याची जास्त चिंता वाटते. नोकरी बहुधा नागपुरात, मिहान या उद्योग-आयटी क्षेत्राच्या परिसरात किंवा त्याहून लांब पुण्यात मिळेल. खोलीची अनामत, पहिल्या महिन्याचे भाडे, मेस आणि जाण्यायेण्याचा खर्च, हे सारे पहिला पगार हातात पडण्याआधीच करावे लागते. समजा १६,००० रुपयांची नोकरी लागली आणि खोली-जेवणावर ८,००० गेले, तर हाती ८,००० राहतात. त्यातून घरी ६,००० पाठवल्यावर आजच्यापेक्षा कमीच उरते. ही नोकरी घेऊ नये असे मी म्हणत नाही, अनुभवासाठी वर्षभर ती करणे योग्यही ठरेल, पण त्या वर्षासाठी पैसा हाताशी हवा. डेस्कटॉपनंतर ठेवीतले २५,००० उरतील, आणि आठ महिने ३,५०० बाजूला टाकल्यास २८,००० जमतील. या ५३,००० मधून परीक्षेची फी भरावी, तीही सराव चाचण्यांत सातत्याने चांगले गुण पडू लागल्यावरच. किमान ३०,००० रुपये मात्र नागपूरसाठी राखून ठेवावेत.

पीक कर्जाबाबत बाबांना एवढेच सांगावे की पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंतच्या पीक कर्जावर शून्य टक्के व्याज लागते ते वेळेत परतफेड केल्यावरच. तो पैसा फीमध्ये गेला आणि कापसाचे पैसे उशिरा आले, तर सवलत जाईल, खाते थकेल आणि पुढच्या पेरणीला सोसायटी दारात उभे करणार नाही.

नोंदणीचे २,००० रुपये लेखी अर्ज करून परत मागावेत. मिळाले नाहीत तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणात जिल्हा ग्राहक आयोगाकडे फी लागत नाही. पण केवळ ते २,००० वाचवण्यासाठी उरलेले ८३ हजार भरू नयेत. पत्राच्या शेवटी आपण सहज लिहून गेला आहात की नोंदणीच्या वेळी त्या प्रतिनिधीने आधार, पॅन आणि मोबाइलवर आलेला ओटीपी घेतला. असे ‘बिनव्याजी’ हप्ते पुष्कळदा एखाद्या कंपनीच्या कर्जातूनच दिलेले असतात, म्हणून आपल्या नावे कर्ज मंजूर झाले आहे का, हे आजच त्याला लेखी विचारावे आणि झाले असल्यास कर्ज देणाऱ्या कंपनीकडून ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाचा दर, खर्च आणि अटी सांगणारे पत्रक, मागून घ्यावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार डिजिटल कर्जातून दंडाशिवाय बाहेर पडण्यासाठी ठरावीक मुदत द्यावी लागते, परंतु ती फार थोड्या दिवसांची असते.