अकेडियन गावांची नावं शोधताय? आधी नकाशे बघा

नवीन आहेस म्हणून सांगतो, अकेडियन म्हणजे आजच्या पूर्व कॅनडात वसलेले फ्रेंच लोक आणि त्यांचे वंशज, पण त्यांच्या गावाचं नाव फ्रेंच वाटलं की लगेच फ्रेंच डिक्शनरी उघडत बसू नको. शेडियाक, बुक्टूश, ट्रॅकाडी ही मुळात तिथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे मिकमॅक लोकांच्या भाषेतली गावांची नावं, फ्रेंचांनी कानाला आली तशी लिहिली. प्युब्निको या गावाचंच घे, १६५३ ला दांत्रमाँ नावाच्या फ्रेंच माणसाला तिथली जहागीर मिळाली तेव्हा कागदावर पोबोमकूप होतं! पोर्ट रॉयल हे फ्रेंचांचं ठाणं १७१० ला ब्रिटिशांनी घेतलं आणि राणी अ‍ॅनच्या नावानं अ‍ॅनापोलिस रॉयल करून टाकलं. त्यामुळे नकाशे सालवार लावून बघ आणि १७५५ ची हद्दपारी, म्हणजे ब्रिटिशांनी अकेडियन लोकांना हाकललं ते, डोक्यात ठेव, कारण नंतर परतलेल्यांच्या जुन्या, बांध घालून समुद्राकडून मिळवलेल्या जमिनी तोवर दुसऱ्यांना गेलेल्या, मग बरेच जण नोव्हा स्कोशियातल्या सेंट मेरीज बे या उपसागराच्या किनाऱ्यावर बसले आणि मासेमारीला लागले. हद्दपारीनंतर वसलेली ती गावं अकेडियन लोकांच्या १६७१ च्या जनगणनेत शोधू नको, नाहीतर उगाच डोकं फुटेल.