दोन पुरुषांच्या प्रेमकथा आवडतात, तर बिघडलं काय?

हा प्रश्न समुपदेशनाच्या खोलीत सरळ येत नाही. झोप लागत नाही, डोकं ठणकतं, घरात सगळ्यांवर चिडचिड होते, अशा तक्रारीच्या पदराआड तो येतो. खालची हकीकत वर्धा जिल्ह्यातल्या एका गावातली आहे. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

ताई चौतिशीच्या. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेल्या, जवळच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकवतात. घरी नवरा, सासू, नऊ वर्षांचा मुलगा आणि चार एकर कपाशी-तूर. आठवडी बाजाराच्या दिवशी भाजीची थैली घेऊनच आल्या, म्हणजे कुणी विचारलं तर सांगायला कारण हाताशी. झोपेचं सांगून झालं, थोडा वेळ थांबल्या आणि मग म्हणाल्या, "मॅडम, मी मोबाईलवर कादंबऱ्या वाचतो. दोन माणसांच्या. म्हणजे दोघंही पुरुषच. यायनं पाह्यलं. माह्या डोक्यात काही बिघडलं तं नाही?"

झालं होतं असं की मोबाईल चार्जिंगला लावलेला होता आणि पुस्तकाचं मुखपृष्ठ पडद्यावर उघडं राहिलं. उघड्या छातीचे दोन तरुण. नवऱ्याने पाहिलं आणि दोन दिवस गप्प राहिला. तिसऱ्या दिवशी विचारलं, "हे काय वाचून रायली तू?" त्यानंतर ताईंनी सगळी पुस्तकं काढून टाकली, आठवडाभराने पुन्हा घेतली, आणि मग स्वतःचाच राग येऊ लागला.

अशा वेळी पहिला प्रश्न "का वाचता?" असा विचारू नये. तो पोलिसी चौकशीसारखा कानावर पडतो आणि माणूस बचावाची कारणं शोधू लागतो. "त्यात काय काय असतं, सांगा की" असं विचारलं की बोलणं मोकळं होतं. ताईंच्या वाचनात दोन जाती होत्या. एक आजच्या काळातली: बर्फावरची हॉकी खेळणारे एकमेकांच्या विरोधी संघांतले दोघे, नाहीतर एकाच कचेरीतले दोघे, आधी भांडण, मग हळूहळू प्रेम. (बर्फ आपण रसवंतीवर पाहिलेला, पण कथेला त्याने अडत नाही.) दुसरी ऐतिहासिक: १८११ ते १८२० या काळातलं इंग्लंड, उमराव घराणी, घोडागाड्या, पत्रं.

आवडतं काय, यावर ताईंनी जे सांगितलं ते कुठल्याही पुस्तकी उत्तरापेक्षा नेमकं होतं. "तिथं कोणाले कोणाच्या पाया पडा लागत नाही. घर कोण सोडन, सैपाक कोण करन, हे आधीच ठरेल नसते." पुरुष आणि बाईच्या कथेत अर्ध्या जागा आधीच वाटून दिलेल्या असतात. इथे प्रत्येक गोष्ट दोघांना एकमेकांना विचारून ठरवावी लागते, आणि वाचणारीला ते विचारणंच गोड लागतं. शिवाय गोरी, सडपातळ नायिका नसते, तेव्हा पानागणिक स्वतःला तिच्याशी ताडून पाहावं लागत नाही. दिवस राहण्याची भीती कथेत नसते. वाचणारी कधी एकाच्या मनात शिरते, कधी दुसऱ्याच्या, कधी बाहेर उभी राहून दोघांकडे पाहते.

यात ताई पहिल्या नाहीत. जपानमध्ये १९७०च्या दशकात मुलींच्या मासिकांत स्त्री चित्रकारांनीच अशा चित्रकथा सुरू केल्या. त्याच दशकात अमेरिकेत दूरचित्रवाणी मालिकेतल्या दोन नायकांच्या प्रेमकथा लिहून, हाताने अंक काढून वाटणाऱ्या बहुसंख्य बायकाच होत्या. आज या कथा लिहिणाऱ्यांत आणि वाचणाऱ्यांत पुरुषांवर प्रेम करणाऱ्या बाया आहेत, बायांवर प्रेम करणाऱ्या आहेत, समलिंगी पुरुषही आहेत. कथेतलं आवडणं हा रोगाचा पुरावा नाही, आणि स्वतःच्या लैंगिक कलाचा दाखलाही नाही. वाचता वाचता एखादीला स्वतःबद्दल काही उमगलं, तर तेही बिघडणं नव्हे. समलैंगिकता जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतून निघाली त्याला बराच काळ लोटला. तो निर्णय १७ मे १९९० चा.

मग झोप का जात होती? त्यासाठी दोन आठवडे एक साधी वही ठेवायला सांगितली. चार रकाने: वाचन कधी सुरू, कधी बंद, सुरू करताना मन कसं होतं (० ते १०), बंद करताना कसं. पुस्तकाचं नाव लिहायचं नाही, वही कुणाच्या हाती लागली तरी हरकत नको. सोबत प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासायला पाठवलं, कारण थकवा आणि चिडचिड घेऊन आलेल्या ग्रामीण बाईचं रक्त न तपासता नुसतं मनच उकरत बसणं हा आळस आहे.

हिमोग्लोबिन निघालं ९.४. बाईमाणसाचं १२ तरी हवं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या चहासोबत घ्यायच्या नाहीत, लिंबूपाण्यासोबत चालतात, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. वहीत दिसलं ते असं: वाचताना मन चारावरून सातावर जायचं, म्हणजे वाचन त्रास देत नव्हतंच. पण बंद करण्याची वेळ रात्री दीडची आणि उठणं पाचचं, कारण नळ पाचला येतो. अकरानंतरचा वेळ तेवढाच त्यांचा स्वतःचा होता. पुस्तकं बंद केली असती तर झोप आली नसती, तो एकुलता वेळही गेला असता.

उपाय वेळेचा केला, विषयाचा नाही. शाळा सुटल्यावर एस.टी. येईपर्यंतची चाळीस मिनिटं वाचनाला दिली. रात्री अर्धा तास, गजर लावून. आणि एक बारीकशी युक्ती: प्रकरण संपलं की थांबू नका, प्रकरणाच्या मधेच थांबा. या कथांत प्रकरणाचा शेवट मुद्दाम अडकवून ठेवणारा असतो. तिथे मोबाईल खाली ठेवणं भल्याभल्यांना जमत नाही. मधल्या परिच्छेदात जमतं. प्रकरणागणिक नाणी विकत घ्यायला लावणाऱ्या अॅपवर महिन्याची रक्कम आधी ठरवून ठेवा आणि युपीआयमधलं ऑटो-पे चालू आहे का ते तपासा. घरात पैशांवरून होणाऱ्या भांडणाचं मूळ पुष्कळदा तिथे सापडतं.

कायद्याची भीती ताईंना खरोखरच होती. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं तीनशे सत्त्याहत्तर कलम त्यांनी बातम्यांत ऐकलेलं. ते कलम वाचनाबद्दल कधीच नव्हतं. इंग्रजांनी १८६०च्या दंड संहितेत घातलेलं ते कलम सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरतं मोडीत काढलं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते नाहीच. समलिंगी विवाहाला मात्र न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मान्यता दिली नाही. स्वतःच्या मोबाईलवर सज्ञान पात्रांची कादंबरी वाचणं हा गुन्हा नाही. दोन गोष्टी मात्र पाळायच्या. उघड शृंगाराची पानं व्हॉट्सअॅप ग्रुपवर पुढे ढकलायची नाहीत. अश्लील मजकूर पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ मध्ये अडकतं. आणि पात्रं अठरा वर्षांखालची असतील आणि त्यात शृंगार असेल, तर ते वाचायचंही नाही, उतरवूनही घ्यायचं नाही. कलम ६७ब त्यासाठीच आहे, आणि त्यात लिहिलेला मजकूरही येतो.

ऐतिहासिक कथांतली भीती वेगळी, ती समजून घेतली की त्या जास्त कळतात. इंग्लंडमध्ये १८६१ पर्यंत या संबंधांना कायद्याने फाशी होती. शेवटची दोन माणसं नोव्हेंबर १८३५ मध्ये लंडनच्या न्यूगेट तुरुंगाबाहेर फासावर गेली. म्हणून कथेतले नायक पत्रं जाळतात, नोकरासमोर गप्प होतात. फ्रान्सने १७९१ च्या दंडसंहितेतून हा गुन्हा काढला, म्हणून कथेच्या शेवटी जोडपं समुद्र ओलांडून निघतं तेव्हा लेखिकेने पळवाट काढली असं समजू नये. तो रस्ता खरा होता. दुसरा खरा रस्ता म्हणजे दोन अविवाहित पुरुषांनी एक घर करणं, एक मालक, दुसरा त्याचा कारभारी किंवा चिटणीस. मुक्कामाच्या सराईत दोन पुरुषांनी एका बिछान्यावर झोपण्याचं तेव्हा कुणाला नवल वाटत नव्हतं. हे ऐकून ताईच म्हणाल्या, "आपल्याकडं जागलीले दोन मैतर एकाच माचणावर झोपते. कोण काय म्हणते?"

याच वाक्यावर थांबावं लागलं. या वाचनाचा एक खरा धोका इथेच आहे, आणि तो वाचणारीला नाही, दुसऱ्याला आहे. गावातले दोन मैतर एका गाडीवर फिरताना दिसले की डोक्यात गोष्ट रचली जाते. ती मैत्रिणीला सांगितली जाते, मैत्रिणीकडून पारावर पोचते. शहरात हसण्यावारी जाईल, त्यापायी दीड हजार वस्तीच्या गावात एखाद्या पोराचं लग्न मोडतं, मारहाण होते, त्याहून वाईटही होतं. कादंबरीतली माणसं उघडी पडण्यासाठीच रचलेली असतात, गावातली नसतात. तेव्हा अंदाज मनातही पुरा करायचा नाही, बोलणं तर दूरच. आणि उद्या खरंच कुणी विश्वासाने येऊन सांगितलं, तर "मला आधीच वाटलं होतं" हे चार शब्द गिळायचे.

प्रकारातले दोषही सांगायला हवेत, कारण आवड असली तरी डोळे उघडे असावेत. बऱ्याच कथांत दोघांपैकी एक नाजूक, रडवा, कायम सांभाळून घ्यावा लागणारा असतो. म्हणजे बायकोचीच जागा, फक्त मिशी लावून. बाई असलीच तर कजाग किंवा मेलेली. जबरदस्तीला प्रेम म्हणून खपवणाऱ्या कथाही भरपूर आहेत. चाहत्यांनी लिहिलेल्या कथांच्या मोठ्या संग्रहांत वरच वयोगट, हिंसा, बलात्कार, मुख्य पात्राचा मृत्यू अशा सूचना दिलेल्या असतात. त्या आधी वाचायच्या आणि मग आत शिरायचं. सुखाचा शेवट हवाच, असं म्हणायला ताई लाजत होत्या. लाजायचं कारण नाही. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी 'मॉरिस' ही दोन पुरुषांच्या प्रेमाची कादंबरी १९१३-१४ मध्ये लिहिली आणि शेवट सुखाचाच ठेवला. असा शेवट कायद्याच्या डोळ्यांत खुपणार हे त्यांना ठाऊक होतं. ती छापली गेली १९७१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर.

नवऱ्याशी बोलायचं कधी, हे आधी ठरवलं. रात्री अंथरुणावर नाही. कापूस जिनिंगवर नेऊन भाव पडल्याचं ऐकून आले त्या दिवशी तर मुळीच नाही. रविवारी दुपारी, सासूबाई भजनाला गेल्यावर. बोलायची वाक्यं तीनच: "मले ह्या गोष्टी आवडतात. त्यात तुमच्याबद्दल तक्रार नाही. तुमाले ते पाहून काय वाटलं, सांगा." तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते बोलून झाल्यावर गप्प बसायचं. पुस्तक हातात द्यायचं नाही. एखादी कथा तोंडी सांगायची.

पुढच्या बाजाराच्या दिवशी दोघंही आले. नवऱ्याच्या मनात होतं ते ताईंच्या स्वप्नातही नव्हतं. "मॅडम, तिले माह्यावरच तं डाऊट नाही ना? मी मैतरासंग जागलीले जातो म्हणून?" ताईंना आधी कळेचना, मग पदर तोंडाला लावून हसल्या. अशा घरांत ही शंका वाटते त्याहून जास्त वेळा निघते. बायको वाचते म्हणजे तिला माझ्यात काही कमी दिसतं, किंवा काही जास्तच दिसतं. शंका बोलून निघाली की अर्धं काम होतं. त्यांना या कथा आवडल्या नाहीत, आणि आवडाव्यात असा आग्रहही धरला नाही. दोघांत ठरलं ते इतकंच: ते मोबाईल तपासणार नाहीत, ताई अकराला दिवा मालवतील.

मुलाचा प्रश्न राहिला होता: त्याच्यावर परिणाम होईल का? आईच्या वाचनाने मुलाचा लैंगिक कल ठरत नाही. पण शृंगाराचं पान नऊ वर्षांच्या पोरापुढे येऊ नये, मग त्यात दोन पुरुष असोत की नवरा-बायको. त्याला मोबाईल देताना सेटिंगमधून खेळाचं अॅप पिन करायचं आणि ते सोडवताना पासवर्ड मागण्याचा पर्याय चालू ठेवायचा, म्हणजे पासवर्डशिवाय तो दुसरीकडे जाऊ शकत नाही. वाचनाच्या अॅपला वेगळं कुलूप, आणि मुख्य पडद्यावरचं मुखपृष्ठाचं चित्र बंद.

मदत घ्यायची वेळ कधी येते? वाचनापायी शाळा-शेत-स्वैपाक सुटू लागला, कर्ज झालं, वाचून झाल्यावर रोजच मन आधीपेक्षा खाली जाऊ लागलं, किंवा जगणं नको वाटू लागलं तर थांबू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. आणि "ही आवड मोडून देतो", "याचा कल बदलून देतो" असं सांगून पैसे घेणारा कुणी भेटला, डॉक्टर असो की बाबा, तर तिथून उठून यायचं. कल बदलण्याचे असे उपचार करणं हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं आहे. तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करता येते.