इमॅजिकाचा शनिवार, पालीचा रविवार

तुमचा प्रश्न असा आहे: डोंबिवलीहून तुम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि सासूबाई असे पाच जण शनिवार-रविवार जोडून खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कला जायचं म्हणताय आणि खर्च हाताबाहेर जायला नको. पार्कला लागून असलेल्या हॉटेलात राहावं का, वॉटर पार्कचंही तिकीट जोडीला घ्यावं का, आणि सासूबाई राइड्समध्ये बसणार नसतील तर त्यांचं तिकीट काढण्यात अर्थ आहे का, हेही विचारलंय. आमच्या घरची मुलं, भाचरं, कधी सोबत आजी-आजोबा अशा निरनिराळ्या ताफ्यांबरोबर मी तिकडे जाऊन आलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हॉटेल नको. वॉटर पार्क या खेपेला नको. सासूबाईंना मात्र नक्की न्या.

आपल्या लहानपणी गोराईचं एस्सेलवर्ल्ड होतं. १९८९ साली सुरू झालेलं ते पार्क २०२२ मध्ये बंद झालं. त्यामुळे मुंबई-ठाणे-कल्याणच्या मुलांना मोठं थीम पार्क म्हणजे २०१३ पासून खोपोली-पाली रस्त्यावर असलेलं इमॅजिकाच उरलंय. पार्क चांगलं आहे आणि दिवसभर पुरतं. पण पाच जणांच्या तिकिटांची बेरीज मध्यमवर्गीय घराला जाणवते, हे तुमचं म्हणणं अगदी खरं. तिकिटात फारशी काटछाट करता येत नाही. पैसे निसटतात ते तिकिटाभोवती: राहणं, गाडी, आतलं खाणं, लॉकर, भाड्याचे कपडे, राइडमधून उतरताच समोर येणारे फोटो, निघताना लागणारं खेळण्यांचं दुकान. तिथे आधीच ठरवून गेलात तर सहल तुमच्या बजेटमध्ये बसेल.

तिकीट काढण्याआधी मुलांची उंची मोजा. लहान मुलांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरतं. साधारण पावणेतीन फुटांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण चार वर्षांचा मुलगा बहुधा त्याच्या वर गेलेला असतो, म्हणजे तुमच्या मुलाचं तिकीट धरूनच चला. मुलीच्या बाबतीत पाहायचं ते मुलांच्या तिकिटाची वरची मर्यादा. दाराच्या चौकटीला पाठ टेकवून, डोक्यावर वही आडवी धरून पेन्सिलीची खूण करा, टेपने मोजा आणि पार्कच्या संकेतस्थळावरच्या त्या दिवसाच्या आकड्याशी ताडून बघा. या खुणेचा दुसराही उपयोग आहे. प्रत्येक राइडला किमान उंची वेगळी असते. नायट्रो हा तिथला सगळ्यात मोठा रोलर कोस्टर. त्यात नऊ वर्षांची बहुतेक मुलं बसू शकत नाहीत. हे तिला घरीच कळलं तर ठीक. तासभर रांगेत उभं राहून उंचीच्या खांबाशी "बाळा, तू नाही" असं ऐकायला लागलं तर पुढचा अर्धा दिवस तिचं तोंड उतरलेलं राहतं, आणि तिची समजूत घालायला मग काहीतरी विकत घेतलं जातं. घरीच राइड्सची यादी काढून तिच्यासमोर "हे जमेल, हे नाही" असं करून टाका.

तिकीट ऑनलाइनच काढा. दारावर काढण्यापेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडतं. दिसणारी रक्कम कर धरून आहे की वगळून, ते पैसे भरायच्या आधी बघा. ज्येष्ठांचा दर वेगळा असतो, सासूबाईंचं आधार कार्ड बरोबर ठेवा. जेवणासकट जे तिकीट देतात ते मोठ्यांना कधीकधी परवडतं, चार वर्षांच्या मुलासाठी घेऊ नका. रांग टाळायचं महागडं एक्सप्रेस तिकीट तुमच्या घराला लागू नाही, कारण ज्या राइड्सना लांब रांगा असतात त्यातल्या बऱ्याच तुमची मुलं करणारच नाहीत.

दिवस निवडायला थोडी जरी मोकळीक असेल तर शनिवार-रविवारऐवजी आठवड्यातला दिवस घ्या, दर आणि गर्दी दोन्हींत फरक पडतो. पण नोव्हेंबर ते जानेवारी हा शाळांच्या सहलींचा हंगाम. तेव्हा मंगळवार-बुधवारीही बसच्या बस येतात. दिवाळीच्या सुट्टीत आणि नाताळात न जाणंच बरं. मला सगळ्यात आवडतो तो गणपती आटोपल्यानंतरचा, पितृपक्षाच्या आसपासचा काळ. लोक बाहेर पडत नाहीत, पाऊस ओसरत आलेला असतो, रायगडचे डोंगर हिरवेगार असतात. भर पावसात गर्दी कमी असते हे खरं, पण जोराची सर किंवा विजा असल्या की उघड्यावरच्या राइड्स थांबवतात आणि तुमचे पैसे आडोशाला उभं राहण्यात जातात.

वॉटर पार्कबद्दल. दोन्ही पार्क एका दिवसात करणं लहान मुलांबरोबर जमत नाही. कपडे बदलायचे, अंग पुसायचं, केस वाळवायचे, लॉकर शोधायचा, यात दोन तास जातात. शिवाय आत नायलॉनचाच पोहण्याचा पोशाख चालतो. सगळ्यांकडे नसेल तर माणशी भाडं, वर लॉकर. मुलगा सहा-सात वर्षांचा झाला की उन्हाळ्यात फक्त वॉटर पार्कसाठी वेगळं जा, तेव्हा पैसे वसूल होतील.

जाण्यायेण्याचा खर्च तुमच्या हातात आहे. पाच जणांना गाडी भाड्याने घेतलीत तर डिझेल, टोल, चालकाचा दिवस आणि मुक्काम धरून ती रक्कम तिकिटांच्या जवळ जाते. डोंबिवलीहून खोपोली लोकल मिळते. ती मोजक्याच वेळांना असते, म्हणून वेळापत्रक आदल्या रात्री बघून ठेवा. नाहीतर कर्जत लोकलने कर्जतला उतरून तिथे खोपोलीची गाडी धरायची. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, मग खोपोली. मुलांना खिडकीतून डोंगर दाखवत नेण्यासारखा रस्ता आहे आणि शनिवारी सकाळच्या पहिल्या गाड्यांत बसायला जागा मिळते. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं.

खोपोलीहून पुढे पाली रस्त्याची एसटी किंवा मिनीडोर (मोठी तीनचाकी रिक्षा). एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे तुम्ही आणि मुलगी अर्ध्या तिकिटावर. सासूबाई पंचाहत्तरीपुढच्या असतील तर त्यांना प्रवास मोफत. पाच जणांत पूर्ण तिकीट एकट्या तुमच्या यजमानांचं! कंडक्टरला "इमॅजिका फाट्यावर उतरवा" म्हणून चढतानाच सांगा. एसटीची वेळ जुळली नाही तर अख्खी मिनीडोर ठरवा, आणि त्याच चालकाशी संध्याकाळचंही बोलून त्याचा नंबर घ्या. पार्क सुटल्यावर सगळेच एकदम बाहेर पडतात आणि अंधारात मुलं झोपाळलेली असताना भावाची घासाघीस करणं फार त्रासाचं होतं.

खाण्याचं. बाहेरचे पदार्थ आत नेऊ देत नाहीत, तान्ह्या बाळाचं खाणं तेवढं चालतं. म्हणून सकाळचं खाणं पोटभर करून आत शिरायचं. लोकलमध्ये घरचे थालीपीठ-दही किंवा दशम्या, आणि खोपोलीत उतरल्यावर रमाकांतचा वडापाव. तो खोपोलीची ओळखच आहे, मुलांना एवढ्यासाठीही ही वाट आवडते. आत दुपारी एकदाच, उशिरा, अडीचच्या सुमारास जेवा. तोवर उपाहारगृहांतली झुंबड संपलेली असते. पिण्याचं पाणी आत भरून घेता येतं का ते दारातच विचारून घ्या. दर तासाला बाटल्या विकत घेत राहिलात तर उन्हाच्या दिवशी पाच माणसांचा तो आकडा बराच होतो.

खेळणी आणि फोटोंसाठी आमच्या घरात एक रीत आहे. निघायच्या आदल्या रात्री प्रत्येक मुलाच्या हातात ठरलेली रक्कम द्यायची, नोटा, त्यांच्या स्वतःच्या छोट्या पाकिटात. "हे तुझे, यातून हवं ते घे, उरले तर तुझेच." नऊ वर्षांची मुलगी दुकानात किमतीची चिठ्ठी उलटून बघते, मनात वजाबाकी करते, वस्तू परत ठेवते, पुन्हा उचलते. आईने दहा वेळा नाही म्हणून जे साधत नाही ते त्या पाकिटाने साधतं. धाकट्याचं पाकीट आजीकडे.

आत गेल्यावर सकाळी मुलांच्या राइड्स आधी उरका: टबी हत्तीची राइड, मॅजिक कॅरोसेल आणि तिथल्या आसपासच्या. सकाळी या जवळजवळ रिकाम्या असतात, कारण मोठी पोरं नायट्रोकडे पळालेली असतात. दुपारच्या उन्हात बंद सभागृहातले खेळ पाहा. 'आय फॉर इंडिया'मध्ये पडद्यासमोर उंच बसून भारतावरून उडत गेल्यासारखं वाटतं. मुलीला ते खूप आवडेल. सासूबाईंना चक्कर किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर त्यांनी त्यात बसू नये.

'राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचर'साठी मुलगी उंचीत बसत असेल तर तिला आधी एक गोष्ट सांगा. राजासॉरस हा कुणी कल्पनेने रचलेला प्राणी नाही. गुजरातमध्ये बालासिनोरजवळच्या राहिओलीला त्याचे जीवाश्म सापडले आणि २००३ मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं, राजासॉरस नर्मदेन्सिस. त्याच्या डोक्यावर छोटं शिंग होतं. आमच्या भाचीला हे माहीत होतं तर रांगेतला अर्धा तास ती पुढच्यामागच्या मुलांना तेच सांगत होती. या राइडमध्ये भिजायला होतं, एक कोरडा कपड्यांचा जोड पिशवीत असू द्या.

सासूबाईंकडे येते. आत येणाऱ्या प्रत्येकाला तिकीट लागतं, मग राइडमध्ये बसा किंवा नका बसू, आणि म्हणून अनेक घरांत आजीला घरी ठेवतात. मला हे पटत नाही. एक तर बसून पाहायचे खेळ आहेत, संध्याकाळची मिरवणूक आहे, कॅरोसेलवर नातवाला धरून आजी मजेत बसू शकते. दुसरं म्हणजे धाकटा दमून झोपला की त्याला मांडीवर घेऊन सावलीत बसायला घरचं माणूस असतं, आणि तेवढ्या वेळात तुम्ही दोघं मुलीला घेऊन मोठी राइड करू शकता. आजी नसेल तर एकाला कायम बाहेर बसावं लागतं, म्हणजे मोठ्यांच्या दोन तिकिटांतलं एक अर्धवट वाया. फक्त त्यांना आधी मोकळेपणाने विचारा. चालणं खूप आहे. गुडघे साथ देत नसतील तर व्हीलचेअरची सोय आदल्या दिवशी फोन करून विचारा.

आता मुक्काम, जिथे तुमची सगळ्यात मोठी बचत आहे. हॉटेलच्या एका रात्रीच्या पैशात तुमचा रविवार पूर्ण निघेल. शनिवारी रात्री त्याच रस्त्याने पुढे पालीला जा. बल्लाळेश्वर देवस्थानाचं भक्तनिवास आहे, साधं पण कुटुंबाला पुरेसं. आधी फोनवरून खोली मिळतेय का ते पक्कं करा. संकष्टीचा, आणि त्यातही अंगारकीचा सुमार मात्र टाळा. रविवारी सकाळी आधी धुंडीविनायक, मग बल्लाळेश्वर, हा तिथला क्रम. अष्टविनायकांत भक्ताच्या नावाने ओळखला जाणारा गणपती हा एकच. देवळातली मोठी घंटा मुलांना दाखवा. चिमाजी अप्पांनी १७३९ च्या वसई मोहिमेनंतर पोर्तुगीजांकडून आणलेली म्हणून ती सांगितली जाते. पार्कमधल्या गोंगाटानंतर मुलं तिथे बरीच शांत होतात, आणि सासूबाईंचा तो दिवस खास त्यांचा होतो. घरी न्यायला देवळाबाहेर पोह्याचे पापड आणि मिरगुंड मिळतात. वेळ उरला तर जवळच उन्हेऱ्याची गरम पाण्याची कुंडं आहेत. सरसगड समोर दिसतो, पण चार वर्षांच्या मुलाला घेऊन चढू नका.

परतताना सासूबाईंची ताकद असेल तर खोपोलीजवळ महडचा वरदविनायक होतो, म्हणजे एका सहलीत दोन अष्टविनायक. नाहीतर सरळ खोपोली स्टेशन गाठा. रविवारी दुपारी चारच्या आत लोकलमध्ये बसा. त्यानंतर लोणावळ्या-कर्जतहून परतणाऱ्यांची गर्दी सुरू होते आणि पाच जणांना एकत्र जागा मिळत नाही. सोमवारी मुलांची शाळाही आहे.

तारीख ठरली की मुलीची मोजलेली उंची इथे लिहा. तिला कोणकोणत्या राइड्स मिळतील आणि कोणत्या क्रमाने कराव्यात ते मी सांगते.