कुलूप उघडेना, पिक मात्र तुटतात

प्रश्न : 'स्कायरिम' या व्हिडिओ गेममध्ये एका मास्टर (सर्वांत अवघड) कुलपाने माझ्या पंधरा पिक, म्हणजे कुलूप उघडायच्या बारीक सळ्या, खाल्ल्या. आधी पर्क (कौशल्याला मिळणारे खास फायदे) घ्यायला हवेत का?

अजिबात नाही. कुलूप उघडायचं कौशल्य सुरुवातीच्या १५ गुणांवर असलं तरी मास्टर कुलूप उघडतं. पिक चुकीच्या जागी असताना तुम्ही कुलूप फिरवायचा जोर लावता, म्हणून ती तुटते. बटण टिचकीसारखं दाबा आणि पिक थरथरली की त्याच क्षणी सोडा. मग पिक केसभर सरकवून पुन्हा टिचकी. कुलूप आधीपेक्षा जास्त वळलं तर बाजू बरोबर आहे. पिक तुटली तरी कुलूप उघडायची नेमकी जागा तीच राहते, म्हणून नवी पिक जुनी तुटली तिथेच आणा. वैतागून कुलूप अर्धवट सोडून बाहेर पडलात तर मात्र जागा बदलते आणि केलेला सगळा शोध वाया जातो. ही एक सवय सोडा, निम्म्या पिक वाचतील.

प्रश्न : 'ऑब्लिव्हियन' या गेममध्ये टंबलर (कुलपातला पिकने वर ढकलायचा खटका) इतक्या झपकन खाली येतो की क्लिक करेपर्यंत संधी गेलेली असते.

मग त्याला जाऊ द्या! टंबलर दर वेळी वेगळ्या वेगाने हलतो. तोच टंबलर पुन्हापुन्हा वर ढकला. एखाद्या वेळी तो सावकाश जातो, तेव्हाच क्लिक करा. कुलूप उघडताना खेळातला वेळ थांबलेला असतो, पहारेकरी येणार नाही. नवशिक्याची पिक तुटली की बसवलेले चार टंबलर खाली पडतात, ही शिक्षा मला आजही फार कठोर वाटते. दहाव्या लेव्हलला गेममधल्या नॉक्टर्नल या देवतेची कामगिरी मिळते. तिची स्केलेटन की ही पिक कधीच तुटत नाही. ती आधी मिळवा.

प्रश्न : 'किंगडम कम : डिलिव्हरन्स' या गेममध्ये कंट्रोलरवर सोपं कुलूपही जमत नाही. माझाच हात वाईट आहे का?

हात वाईट नाही. २०१८ साली गेम आला तेव्हा कंट्रोलरवरचं हे काम खरोखरच जाचक होतं. पुढे अपडेटमधून सोपा पर्याय आला. सेटिंग्जमध्ये तो चालू करा, त्यात कमीपणा नाही. गेमचा नायक हेन्री लोहाराचा मुलगा आहे, चोर नव्हे. सुरुवातीला त्याचा हात कापतो हे कथेला धरूनच आहे. कर्सर (पडद्यावरची सरकती खूण) सोनेरी झाला की कुलूप अगदी हळू फिरवा आणि कर्सरही त्याच्याबरोबर वळवत न्या. तो कुलपाच्या मध्याजवळ असेल तर हात कमी हलवावा लागतो. गिरणीवाला पेशेक हे शिकवतो आणि पिकही विकतो. गावातल्या पेट्यांना हात लावण्याआधी त्याच्याकडे जा. पिक तुटल्याचा आवाज होतो आणि इथे लोक जागे होतात.