प्रापंचिक कॅथलिक बाईला स्पिरिच्युअल डायरेक्टर होता येतं का? कुठे शिकायचं, किती वर्षं लागतात, सर्टिफिकेट लागतं का?

होता येतं. मी झाले आहे. स्पिरिच्युअल डायरेक्टर म्हणजे दुसऱ्याच्या प्रार्थनेच्या वाटेवर ऐकून घेत सोबत करणारी व्यक्ती. लग्न झालेली, दोन मुलांची आई, शाळेत नोकरी करून निवृत्त झालेली वसईची बाई आहे मी.

तुम्ही लिहिलंय की तुमच्या पॅरिशमधले एक गृहस्थ म्हणाले, "हे फादरांचं काम, तुम्ही फार तर प्रार्थनागट चालवा." ते वाचल्यावर उत्तर लिहिल्याशिवाय राहवलं नाही, कारण हेच वाक्य मी आमच्या घरात कित्येक वर्षं ऐकते आहे.

त्या गृहस्थांना एवढंच सांगा. ज्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या प्रार्थनेच्या पुस्तकावर आज जगभरचे डायरेक्टर घडतात, त्या संत इग्नेशियस लोयोलांनी लोकांना साधना द्यायला सुरुवात केली तेव्हा ते फादर नव्हते. 1521 मध्ये स्पेनमधल्या पाम्पलोनाच्या लढाईत पाय मोडला, पुढे मान्रेसाला महिनोन्‌महिने प्रार्थनेत काढले आणि तिथे जे उमगलं ते ते भेटेल त्याला देऊ लागले. न शिकलेला प्रापंचिक माणूस लोकांना आत्म्याच्या गोष्टी सांगतो, म्हणून 1527 मध्ये अल्काला इथे त्यांना 42 दिवस तुरुंगात ठेवलं. सालामान्काला पुन्हा तोच प्रकार. गुरुदीक्षा मिळाली, म्हणजे ते फादर झाले, ते 1537 मध्ये. म्हणजे दहा वर्षांहून जास्त काळ ते हे काम प्रापंचिक म्हणूनच करत होते. आपल्या काळात पोप फ्रान्सिस यांनी आत्मपरीक्षणावर आणि विवेकावर सलग शिकवण दिली, तिच्यातलं 4 जानेवारी 2023 चं शेवटचं प्रवचन आध्यात्मिक सोबतीवरच होतं. ही देणगी बाप्तिस्म्यातून येते, गुरुदीक्षेतून नव्हे, हे त्यांचं म्हणणं होतं. यापुढे वाद घालायचा असेल तर त्या गृहस्थांनी रोमला पत्र लिहावं.

आता मी या वाटेला इतकी का चिकटून राहिले ते सांगते. गोष्ट माझ्या धाकट्या जावेची आहे, तिला विचारूनच लिहिते आहे.

माझे धाकटे दीर अचानक गेले. आमची वाडी तिघा भावांची सामायिक, केळी, मोगरा, थोडे पानवेल. सातबाऱ्यावर तिच्या आणि तिच्या मुलीच्या नावाची वारसनोंद व्हायच्या आतच थोरल्या भाऊजींनी हक्कसोडपत्राचा विषय काढला. त्यांचं म्हणणं, बाईमाणसाला वाडी झेपणार नाही, तिच्या पोरीचं शिक्षण आम्ही बघू, जमीन एका हातात राहू दे. जाऊ तेव्हा एका फादरांकडे मार्गदर्शनाला जायची. मोठे विद्वान, परदेशात शिकून आलेले, भिंतीवर पदव्यांच्या चौकटी. तिने त्यांना विचारलं. ते म्हणाले, "ख्रिस्ती घरात जमिनीवरून वाद नको. सही करून टाक, देव तुला शांती देईल."

हा माणूस वाईट नव्हता. त्यांनी कोणाकडून एक पैसा घेतला नाही, भाऊजींशी त्यांची ओळखही जेमतेम. घर एक राहावं असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि आपल्याला जे वाटतं तीच देवाची इच्छा असं त्यांनी धरून टाकलं. दुष्ट माणसाचा सल्ला आपण तपासून बघतो. चांगल्या माणसाचा, त्यातून फादरांचा, कोण तपासतं?

जाऊ त्या दिवसांत प्रार्थनेला बसू शकत नव्हती. रोजरी हातात घेतली की पहिल्या मण्यावरच थांबायची. जेवण उतरत नव्हतं. मला म्हणाली, "वहिनी, एकदा सही केली की सुटेन असं वाटतं."

मी तेव्हा प्रशिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला होते. इग्नेशियस यांचा नियम आम्ही नुकताच शिकलो होतो: मन कोरडं पडलेलं असतं, देव दूर वाटतो, तेव्हा कोणताही नवा निर्णय घ्यायचा नाही आणि आधीचा बदलायचा नाही. जिला दोन घास गिळवत नाहीत, तिला रजिस्ट्रार ऑफिसात नेऊन बसवायचं आणि त्याला शांती म्हणायचं! फादरांनी हा नियम सेमिनरीत, फादर घडतात तिथे, नक्की वाचला असणार. परीक्षेतही लिहिला असेल.

मी तिची डायरेक्टर होऊ शकत नव्हते. नात्यातल्या माणसाला मार्गदर्शन करायचं नसतं, आणि त्या वाडीत माझ्या नवऱ्याचाही हिस्सा होता. म्हणून तिला एका वयस्कर सिस्टरांकडे नेलं. त्या आता देवाघरी गेल्या. महिन्यातून एकदा ती जायची. मला वाटलं, सिस्टर तिला सांगतील, सही करू नकोस. माझ्या मनात तर बायबलमधल्या गणना या पुस्तकाचा 27 वा अध्याय तयार होता. सलाफहादच्या मुली मोशेपुढे उभ्या राहून बापाच्या जमिनीतला वाटा मागतात आणि देव म्हणतो, मुली बरोबर बोलताहेत. सिस्टरांना मी तो सुचवलाही. त्या म्हणाल्या, "तुला फादरांसारखंच करायचंय, फक्त उलट बाजूने." आणि तो विषय बंद केला.

साधनेच्या पुस्तकात सुरुवातीला सूचना आहेत, त्यातल्या पंधराव्या सूचनेत हेच आहे. साधना देणाऱ्याने तराजूच्या काट्यासारखं मधे राहायचं, या बाजूला किंवा त्या बाजूला झुकायचं नाही. निर्माणकर्त्याला त्याच्या माणसाशी थेट बोलू द्यायचं. वाचायला सोपं आहे. समोर घरची विधवा बसलेली असताना ते पाळून बघा.

सिस्टरांनी कित्येक महिने जमिनीचा विषयही काढला नाही. प्रार्थनेला बसतेस तेव्हा काय होतं, एवढंच विचारायच्या. जाऊ म्हणाली, घरात बसवत नाही, पण पहाटे मोगरा खुडताना मी गेलेल्या नवऱ्याशी बोलते, आणि मग देवाशी भांडते. सिस्टर म्हणाल्या, मग तिथेच भांड, घरात कशाला बसतेस? झालं, तिची प्रार्थना वाडीतच सुरू झाली. नवऱ्याला का नेलंस, हे तिने देवाला तोंडावर विचारलं. आमच्याकडे बायकांना देवावर रागावायला कोणी शिकवत नाही. तो राग बाहेर पडल्यावर ती जेवू लागली.

त्याच वर्षी ऑक्टोबरात रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, लूकच्या अठराव्या अध्यायातलं शुभवर्तमान आलं. अन्यायी न्यायाधीशाच्या मागे लागून न्याय मागणारी विधवा. ते कोणी तिला निवडून दिलं नव्हतं, वाचनाच्या क्रमात आलं. मिस्सेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर ती मला म्हणाली, "वहिनी, त्या बाईला येशू म्हणाला नाही की सही कर आणि घरी जा."

दिरांच्या वर्षश्राद्धाची मिस्सा झाल्यावर तिने निर्णय सांगितला. हक्कसोडपत्र नाही. वाडी ती स्वतः कसणार. आणि बावखळ, म्हणजे वाडीतलं पाण्याचं तळं, तिच्या वाट्याच्या बाजूला येतं, त्याचं पाणी थोरल्या भाऊजींच्या केळींना कायम मिळेल, त्यासाठी कागद नको. पाण्याचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, फादरांच्याही नाही. माझा सल्ला घेतला असता तर ती वकिलाकडे गेली असती, फादरांचा घेतला तर रजिस्ट्रारकडे.

थोरले भाऊजी अजूनही नाताळच्या जेवणाला म्हणतात, फादरांचं ऐकलं असतं तर घर फुटलं नसतं. भाऊजी, घर कुठे फुटलं? सातबाऱ्यावर तीन घरांची नावं आधीही होती, आताही आहेत. तुमच्या केळींना पाणी तिच्याच बावखळातून येतं. फुटलं असेल तर एवढंच, की आता घरातली बाई "फादर म्हणाले" यावर गप्प बसत नाही.

तुमच्या प्रश्नाकडे येते.

ख्रिस्तसभेचं एकच सर्टिफिकेट, एकच परवाना असं या कामाला काही नाही. कॅनन कायद्यात, म्हणजे ख्रिस्तसभेच्या कायद्यात, तशी अट नाही. पण शिकल्याशिवाय बसू नका. सगळ्यात आधी तुमचा स्वतःचा डायरेक्टर हवा, आणि तो काही वर्षं टिकलेला हवा. ज्याने स्वतःची प्रार्थना कोणापुढे कधी उघडली नाही त्याने दुसऱ्याची ऐकायला बसणं मला पटत नाही. मग इग्नेशियस यांची पूर्ण साधना करा. महिनाभर घर सोडून रिट्रीटला जाणं जमत नसेल तर एकोणिसाव्या सूचनेप्रमाणे रोजच्या जगण्यात करा: रोज तास-दीड तास प्रार्थना, नियमित भेट, असं काही महिने. प्रापंचिकांसाठी मला तीच बरी वाटते, कारण स्वयंपाक, लोकल आणि सासूचं आजारपण यांच्यामध्ये देव काय करतो ते दिसतं. अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी दोन-तीन वर्षांचे असतात.

त्यातला कस लागतो तो व्हर्बेटिममध्ये. ज्या व्यक्तीला तुम्ही भेटता तिचं नाव बदलून, झालेला संवाद आठवून शब्दशः लिहायचा आणि सुपरवायझरसमोर, म्हणजे तुमचं काम तपासणाऱ्या अनुभवी डायरेक्टरसमोर, वाचायचा. सुपरवायझर त्या व्यक्तीबद्दल फारसं विचारत नाही, तुमच्याबद्दल विचारतो. ती रडू लागली तेव्हा तुम्ही बायबलचं वचन का काढलंत? तिच्या नवऱ्याचं नाव आल्यावर विषय का बदललात? माझ्या तुकडीतले काहीजण, त्यात व्रतस्थही होते, इथेच गळाले. सल्ला द्यायची सवय जडलेल्यांना हे फार जड जातं.

ठिकाणं: येशूसंघाचे (इग्नेशियस यांनी स्थापलेल्या संघाचे) फादर अँथनी डिमेलो यांनी पुण्यात सुरू केलेली आणि पुढे लोणावळ्याला नेलेली साधना संस्था, वांद्र्याचं येशूसंघीयांचं रिट्रीट हाऊस, गोव्यात बागाचं रिट्रीट हाऊस. इथून चौकशी सुरू करा. कोणता अभ्यासक्रम चालू आहे आणि प्रापंचिकांना कधी घेतात ते त्यांनाच फोन करून विचारा. डिमेलो यांच्या काही लिखाणावर 1998 मध्ये व्हॅटिकनने सावधगिरीची सूचना काढली होती, ती माहीत असू द्या. पण तेवढ्यावरून त्या संस्थेकडे पाठ फिरवू नका.

आणखी काही गोष्टी, आधीच सांगायला हव्या होत्या. कुमसार, म्हणजे पापांची कबुली, फक्त धर्मगुरूच ऐकू शकतो, आपण नाही. कोणी पापं सांगू लागलं तर ऐकून घ्या आणि फादरांकडे पाठवा. आपल्यासमोरच्या बोलण्याला कुमसाराची मोहोर, म्हणजे कधीही न मोडायचं गुपित, नसते, तरी गुपित पाळण्याचं बंधन तेवढंच कडक माना. सेमिनरीतल्या विद्यार्थ्याला गुरुदीक्षा द्यायची की नाही हे ठरवताना त्याच्या स्पिरिच्युअल डायरेक्टरचं मत कधीच विचारायचं नाही, असं कॅनन 240 सांगतं. यावरून समजा. हे समुपदेशन नाही. जीव द्यायची भाषा, मारहाण, व्यसन दिसलं की डॉक्टर, वकील, पोलीस, जे लागेल ते. आणि मी फादरांच्या विरोधात आहे असं वाटून घेऊ नका. माझे स्वतःचे डायरेक्टर येशूसंघाचे फादर आहेत आणि इतक्या वर्षांत त्यांनी मला एकदाही काय कर ते सांगितलेलं नाही.

प्रवेशासाठी पॅरिश प्रीस्टचं पत्र मागतात, ते आधीच घेऊन ठेवा. नाही म्हणाले तर कारण विचारा, नम्रपणे पण विचाराच. आणि फोन कराल तेव्हा फी किती हे नंतर विचारा. आधी विचारा सुपरवायझर कोण आहे, आणि त्याला स्वतःला सुपरवायझर आहे का.