दोन्ही सायकली १२० मिमी ट्रॅव्हलच्या, मग एक उतारावर घाबरवते आणि दुसरी का नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला कोथरूडला, उंची पाच फूट नऊ, वजन सत्तर किलो. २९ इंची चाकांच्या दोन फुल सस्पेन्शन एमटीबी (माउंटन बाइक) टेकडीवर चालवून पाहिल्यात, दोन्ही १२० मिमीच्या. पहिलीचा हेड अँगल (हँडल ज्या नळीत फिरतं तिचा जमिनीशी कोन) ६९.५°, रीच (पेडलच्या धुरीपासून, म्हणजे बीबीपासून, त्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर) ४३०, चेनस्टे (बीबीपासून मागच्या एक्सलपर्यंत) ४४०, स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) ८०, सगळी मापं मिमीत. ती चढावर झकास, पण उतारावर हँडलवरून पुढे जाऊ असं वाटतं. दुसरीचा हेड अँगल ६६.५°, रीच ४७५, चेनस्टे ४३५, स्टेम ४५. ती उतारावर बिनधास्त, पण चढावर पुढचं चाक भरकटतं आणि सपाट वळणात निसटतं. ट्रॅव्हल सारखं असून असं का, आणि घ्यावी कुठली?

ट्रॅव्हलचा आकडा फक्त एवढंच सांगतो, की दगडावर आदळल्यावर चाक किती वर सरकू शकतं. तो दगड येईपर्यंत तुम्ही दोन चाकांच्या मधे नेमके कुठे उभे आहात, हे फ्रेम ठरवते. १६० मिमीच्या सायकलवर जरा चुकीच्या जागी उभे राहिलात तर सस्पेन्शन सांभाळून घेतं. १२० मध्ये सांभाळायला फारसं काही उरत नाही, त्यामुळे कमी ट्रॅव्हलच्या सायकलीत जॉमेट्रीचा, म्हणजे फ्रेमच्या मापांचा आणि कोनांचा, गुण-दोष लगेच अंगावर येतो. तुम्हाला तो दोन चकरांत जाणवला, म्हणजे तुमचं निरीक्षण चांगलं आहे.

आता तुमच्या आकड्यांवरून हिशोब करू. स्टॅक (बीबीपासून हेडट्यूबच्या वरच्या टोकाची उंची), बीबी ड्रॉप (बीबी एक्सलच्या किती खाली) आणि फोर्कचा ऑफसेट (एक्सल हँडलच्या फिरण्याच्या रेषेच्या किती पुढे) तुम्ही दिलेले नाहीत. मी स्टॅक ६१० आणि ड्रॉप ४० धरला, पहिलीला जुन्या पद्धतीचा ५१ चा आणि दुसरीला ४४ चा ऑफसेट धरला. मग बीबीपासून पुढच्या एक्सलपर्यंतचं आडवं अंतर पहिलीत साधारण ६९७ मिमी येतं आणि दुसरीत ७७१. म्हणजे पेडलवर उभे राहिलात की दुसरीचं पुढचं चाक तुमच्या पायांपासून सात सेंटिमीटरहून जास्त पुढे आहे.

सात सेंटिमीटर ते काय, असं वाटेल. पण २५ अंशांच्या उतारावर उभे आहात आणि तुमचा गुरुत्वमध्य जमिनीपासून मीटरभर वर, बरोबर बीबीच्या रेषेत आहे असं धरा. त्या उतारावर गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा बीबीच्या ४६६ मिमी पुढे पडतो. पहिल्या सायकलीत पुढच्या एक्सलपर्यंत उरले २३१ मिमी, दुसरीत ३०५. पुढचा ब्रेक दाबता तेव्हा हीच शिल्लक खर्च होते. दुसरीत ती जवळजवळ एक तृतीयांश जास्त आहे. पहिलीवर पोटात गोळा येतो तो उगाच नाही. ८० च्या स्टेमने हातही पुढे ओढलेले असतात, म्हणून कंबर मागे नेणं अवघड जातं, ते वेगळंच.

मग दुसरी सायकल वळणात का निसटते? त्याच सात सेंटिमीटरमुळे. पेडलवर उभं राहिल्यावर सगळं वजन पायांतून बीबीवर येतं आणि तिथून दोन चाकांत वाटलं जातं. पुढच्या चाकाला किती मिळणार, हे बीबी मागच्या चाकापासून किती दूर आहे आणि एकूण व्हीलबेस किती आहे यावर ठरतं. पहिलीत पुढे ३८.६ टक्के जातात, दुसरीत ३६. तुमच्या सत्तर किलोंत हा फरक पावणेदोन-दोन किलोंचा. रस्त्यावर तो कळणारही नाही, पण आपल्या टेकडीवरच्या सुट्या मुरुमात नक्की कळतो. तिथे टायर जमिनीला धरून नसतो, खड्यांवरून गडगडत असतो, आणि पुढून दोन किलो काढून घेतले की तो सरळ बाहेरच निघतो.

यावर उपाय तुमच्याच अंगात आहे. वळणात कोपर बाहेर काढा, हनुवटी स्टेमच्या वर आणा, छातीने हँडल दाबल्यासारखं करा. जुन्या सायकलवर शिकलेली माणसं उतार दिसला की सवयीने मागे जातात. पुढचा भाग लांब असलेल्या सायकलवर तीच सवय नडते, कारण फ्रेमने तुम्हाला आधीच मागे ठेवलेलं आहे. मी स्वतः महिनाभर या एका गोष्टीशी झगडले. वेताळ टेकडीवर खाणीच्या कडेने जी वाट उतरते, तिथल्या एका डाव्या वळणावर पुढचं चाक तीनदा गेलं. तिसऱ्यांदा कोपर सोलून बसले असताना सकाळी फिरायला आलेले एक आजोबा म्हणाले, ‘अहो, पुढे बघून चालवा की.’ त्यांना नजर म्हणायची होती. मी अंग पुढे घेतलं, आणि तेव्हापासून त्या वळणावर चाक गेलेलं नाही.

चेनस्टेबद्दल एक गोष्ट कंपनीच्या मापांच्या चार्टवरून चटकन लक्षात येत नाही. बऱ्याच कंपन्या सगळ्या साइझना चेनस्टे एकच ठेवतात. माझ्या स्मॉल फ्रेमला ४३५ छान जमतं, पुढचा भागही लहानच आहे. एक्स्ट्रा लार्जवाल्याला तेच ४३५ मिळतं, पण पुढचा भाग कितीतरी लांब. एकाच मॉडेलबद्दल एक जण ‘वळणात चिकटते’ म्हणतो आणि दुसरा ‘पुढून सुटते’, दोघंही खरं बोलत असतात.

आता चढावरचं भरकटणं. त्यामागे ट्रेल नावाचं माप आहे आणि ते घरी काढता येतं. सायकल सरळ उभी करा, हेडट्यूबच्या कडेने तिच्याच रेषेत एक सरळ पट्टी जमिनीपर्यंत धरा आणि ती टेकते तिथे खडूने खूण करा. मग गवंड्याचा ओळंबा पुढच्या एक्सलवरून सोडा आणि तिथे दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे ट्रेल. चाक जमिनीला टेकतं ती जागा हँडलच्या फिरण्याच्या रेषेच्या तितकी मागे असते. दवाखान्यातल्या स्ट्रेचरचं चाक ढकलताना आपोआप मागे वळून सरळ होतं, त्यातलाच हा प्रकार. तुमच्या पहिल्या सायकलीचा ट्रेल ८४ च्या आसपास भरेल, दुसरीचा ११३. वेगात असताना जास्त ट्रेल दगडांतून चाक सरळ ठेवतो, हात कमी थकतात. पण ताशी पाच-सहाच्या वेगाने चढताना उलटं होतं. आडव्या, म्हणजे कमी अंशांच्या, हेड अँगलमध्ये हँडल जरा वळलं की सायकलचा पुढचा भाग किंचित खाली येतो आणि वजनाने हँडल आणखी त्याच बाजूला कलंडतं. तुम्ही परत ओढता, ते दुसऱ्या बाजूला जातं. तेच तुमचं भरकटणं.

त्यावर मोठा इलाज सीट ट्यूबचा. हेड अँगल आडवा आणि रीच लांब झाली, तसा सीट अँगल (सीटखालच्या नळीचा कोन) उभा होत गेला, ७३ वरून ७६ आणि पुढे. सीट बीबीपासून ७२ सेंटिमीटर वर असेल तर या तीन अंशांत ती ३६ मिमी पुढे सरकते. बसून चढताना पुढचं चाक जमिनीवर राहतं आणि कलंडणंही कमी होतं. दुसरीची सीट रेलवर थोडी पुढे घेऊन एकदा चढून पाहा, पाच मिनिटांचं काम आहे. मात्र याचा अतिरेक मला पटत नाही. ७७-७८ अंशांची सीट डोंगरात छान, पण आपण टेकडीपर्यंत डांबरावरून जातो. सपाटीवर सगळा भार तळहातांवर येतो आणि अर्ध्या तासात बोटांना मुंग्या येतात.

हे सगळं नवीन शोध म्हणून विकलं जातं, त्याची मला गंमत वाटते. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात मरिन काउंटीत रीपॅकची शर्यत सुरू झाली. तिथे पोरं जुन्या श्विन क्रूझर घेऊन डोंगर उतरायची आणि त्या सायकलींचा हेड अँगल चांगला आडवा होता. कोस्टर ब्रेक (पेडल उलटं मारून लागणारा) इतका तापायचा, की हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि खाली पोचल्यावर पुन्हा भरावं लागायचं; शर्यतीचं नाव त्यावरूनच पडलं. पुढे क्रॉस कंट्रीच्या शर्यतींत चढ महत्त्वाचा झाला आणि नॉर्बा या अमेरिकी शर्यत-संघटनेच्या जमान्यात हेड अँगल ७१, सीट अँगल ७३ हे गणित ठरून गेलं. २०१२ च्या सुमारास स्पेनच्या मोंड्रेकरने लांब पुढचा भाग आणि अगदी आखूड स्टेम आणला तेव्हा लोक हसले होते. २०१४ च्या मॉडेलांत कोनाची प्रोसेस १११ आली, मागे १११ मिमी ट्रॅव्हल आणि हेड अँगल ६८°. २०२० ला ट्रान्झिशनची स्पर १२० मिमीवर थेट ६६° ला उतरली. तुमची दुसरी सायकल या घराण्यातली.

चार्टवर एक आकडा फसवा असतो, बीबीची उंची. बीबी खाली असला की आपण सायकलच्या आत उभे असल्यासारखं वाटतं, वळणात मजा येते. पण सॅगमध्ये, म्हणजे तुमच्या वजनाने सस्पेन्शन दबतं त्यात, ३०-३५ मिमी जातातच, आणि सह्याद्रीतल्या धोंड्यांच्या चढावर पेडल खटाखट लागायला लागतात. तसं झालं तर फ्रेमला दोष देण्याआधी १६५ मिमीचे आखूड क्रँक (पेडलचे दांडे) लावून पाहा.

आणि माझ्यासारखी चूक करू नका. माझ्या आधीच्या १२० च्या सायकलला मी १४० चा फोर्क बसवला. दुकानदार म्हणाला, ‘बसतो, काही होत नाही.’ बसला खरा. पण २० मिमीने सायकलचं नाक वर गेलं की सगळी फ्रेम मागे झुकते. हेड अँगल आणि सीट अँगल दोन्ही जवळजवळ एकेक अंश आडवे झाले, बीबी सातेक मिमी वर आला, रीच सेंटिमीटरभर घटली. उतारावर थोडं बरं वाटलं, पण चढावर पुढचं चाक हवेत. चार महिन्यांनी जुना फोर्क परत लावला, भुर्दंड पडला तो पडलाच. हेड अँगल एखाद-दोन अंशांनी बदलायचा असेल तर अँगलसेट (हँडलची फिरण्याची रेषा तिरकी करणारे बेअरिंगचे कप) मिळतो. त्याने बाकीची फ्रेम जवळपास जिथल्या तिथे राहते. तो तुमच्या हेडट्यूबमध्ये बसतो का, एवढं आधी पाहून घ्या.

तर कुठली घ्यावी? दुसरी. पहिलीला ५० चा स्टेम लावलात तरी तिचं पुढचं चाक आहे तिथेच राहणार, शिवाय ४३० च्या रीचवर आखूड स्टेम म्हणजे चढावर गुडघे आणि हँडल यांची भेट. पण दुसरीची एक साइझ लहान मिळते का, ते विचारा. रीच ४५० च्या आसपास असेल तर पुढचं माप ७४६ वर येतं, उतारावरची बरीचशी शिल्लक राहते आणि पुढच्या चाकाला थोडं वजनही परत मिळतं. ६५ अंशांच्या मोहात मात्र पडू नका. अशा सायकलवर १२० मिमी असताना जॉमेट्री म्हणते ‘चल’ आणि फोर्क म्हणतो ‘थांब’, आणि हे भांडण मनगटांना सोसावं लागतं.

घेण्याआधी दोन्ही साइझ एकाच वळणावर चालवा, टायरमधली हवा सारखी ठेवून. मागच्या वेळी ती तपासली होती का? दुकानातल्या सायकलींत बहुतेकदा दगडासारखी हवा भरलेली असते, आणि मुरुमावरच्या तुमच्या घसरण्यात तिचाही वाटा असू शकतो. पायाची आतली लांबी मोजून कळवलीत तर ड्रॉपर (चालवताना सीट खाली-वर करणारा दांडा) किती लांबीचा बसेल तेही सांगते.