ऑटिझम असलेल्या माझ्या मुलाला ऑक्युपेशनल थेरपीत नुसतं झोक्यावर बसवतात. याचा उपयोग होतो का?

होतो, पण तो झोका रोजच्या एखाद्या ठरावीक कामाशी जोडलेला असेल तरच. मी लहान मुलांसोबत हीच थेरपी करते, म्हणजे रोजची कामं स्वतःची स्वतः करायला शिकवते. झोका, उड्या, जड उशी ढकलणं यांमागे अमेरिकन थेरपिस्ट जीन एअर्स यांचा विचार आहे: स्पर्श, तोल, हालचाल यांच्या संवेदना मेंदूत नीट जुळल्या की मूल स्थिरावतं. पण मूल स्थिरावल्यावर पुढे काय, हे महत्त्वाचं. समजा, शर्टाचं बटण लावायला शिकवायचंय. मी बटण काजातून अर्धं बाहेर काढून देते, मूल फक्त ओढतं. ते जमलं की त्याआधीची पायरी त्याच्याकडे. शेवटचं यश दर वेळी त्याचंच असतं, म्हणून ते पुन्हा करायला तयार होतं! थेरपिस्टना सरळ विचारा: सध्या कोणतं काम शिकवताय, आणि घरी आम्ही काय करायचं? उत्तर गोलमोल आलं तर दुसरीकडे दाखवा. मात्र एक लक्षात घ्या, या थेरपीने ऑटिझम ‘बरा’ होत नाही, आणि मूल शांत व्हावं म्हणून घालतात त्या वजनदार जाकिटांसारख्या साधनांना संशोधनाचा आधार फार तोकडा आहे; त्यावर पैसे घालवू नका.